मंदारदादाची फ्रान्सवारी

मंदारदादाला कांदा चिरायला सांगितलं, तर तो आधी कांदा कसा चिरावा यावर बोलतो. तोवर विनीचं जेवून होतं.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नमधल्या आमच्या घरात आम्ही तिघं पीएचडीवाले राहतो: सांगलीचा मंदारदादा, हाँगकाँगची विनी आणि मी. पुट्झप्लानप्रमाणे, म्हणजे साफसफाईच्या पाळीप्रमाणे, शनिवारी बाथरूम त्याचं. "आल्झो, तर मग, याला एक सिस्टीम पाहिजे," म्हणत तो दारात उभा राहून भाषण ठोकतो आणि घासते मी. असल्या माणसांसाठी विनीच्या कँटोनीजमध्ये खास बोल आहेत, 'दाक गो गोंग जी'. म्हणजे गडी फक्त बोलण्यापुरता, पुढे शून्य. मी ते आनंदाने पाठ केले.

त्याचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे सायकलवरून फ्रान्स. जंगलातून जायचं, सीमेपलीकडे कॉफी प्यायची आणि परत. मी इथे आले तेव्हापासून ऐकतेय. "फक्त टायरचं एकदा मिटू दे." टायरचं मिटलं की गिअर, गिअरचं मिटलं की वारा. वारा कसला डोंबलाचा!

शेवटी एका रविवारी आम्ही दोघींनी कट केला. तळघरातून सायकल काढली, पुसली, हवा भरली, थालीपिठं बांधली आणि त्याला अक्षरशः घराबाहेर ढकललं. बिचारा काकुळतीला आला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पाण्याची बाटली राहिली म्हणून मी मागे धावले. तर स्वारी कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर बसलेली, व्हिडिओ कॉलवर त्याचे बाबा. अर्धांगवायू झाल्यापासून ते अंथरुणाला खिळलेत, एवढं मला माहीत होतं.

"निघालास?" त्यांनी अडखळत विचारलं.

"नाही हो बाबा. चेन कुरकुरतेय."

"गाढवा! तेल... कुठलं घातलंस?" आणि मग जे सुरू झाले! शब्द तुटत होते, पण थांबायचं नाव नाही.

मला पाहून मंदारदादाने फोनवर हात ठेवला. "घरात कुणाशी बोलत नाहीत गं," तो पुटपुटला. "सायकलवरून मला झापायचं असलं तरच तोंड उघडतात. जाऊन आलो, की मग काय विचारतील?"

मला एकदम भरून आलं. मग मी त्याचा हात बाजूला केला.

"काका, नमस्कार! अहो, याचे ब्रेकसुद्धा ढिले आहेत!"



"ब्रेक?" पलीकडून आवाज चढला. "दाखव... आत्ताच्या आत्ता दाखव!"