मॅडमना दाखवायचंय

छोटीने आपल्या डाव्या हाताचा फोटो सकाळी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पाचही नखं बघा. प्रत्येकाचं वेगळं आहे. उद्या मॅडमना दाखवायचंय, त्याआधी तुमचं मत हवंय. खरं खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही." मग तिने फोन पर्समध्ये कोंबला, डबा उचलला आणि कामावर निघून गेली. पुढचा सगळा घोळ या दोन ओळींनी घातला.

छोटी म्हणजे घरातली धाकटी सून. चाळिशीला टेकली, उठता-बसता गुडघे कुरकुरू लागले, तरी सासरी ती सगळ्यांची छोटीच. एका पार्लरमध्ये ती बायकांच्या टाचा घासायची. कोमट पाण्याच्या टबाशी बुटक्या स्टुलावर बसायचं आणि समोर येईल त्या पायाच्या भेगा दगडाने घासायच्या, हे तिचं काम. तिथे येणाऱ्या बायकांनी इतक्या वर्षांत तिच्या डोक्याचा भांग तेवढा पाहिला होता. चेहरा पाहायची वेळ कोणावर आली नव्हती. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्या कंबरेचे टाके ढिले झालेले असत आणि घरी स्वयंपाक तिची वाट पाहत ताटकळत असे.

आता पार्लरच्या मॅडमनी खिडकीजवळ नखांचं नवीन टेबल मांडलं होतं. त्याला दिवा होता, वारा होता आणि मुख्य म्हणजे पाठ टेकता येईल अशी खुर्ची होती. त्या खुर्चीकडे बघून छोटीला अक्षरशः भरून यायचं. टेबलासाठी दोघी रांगेत होत्या, एक छोटी आणि दुसरी केस कापणारी. मॅडमनी फर्मान काढलं, "फ्रेंच मॅनिक्युअरची पाच नवी डिझाईन्स स्वतःच्या हातावर करा. आणि घरच्यांचा फीडबॅक घेऊन या. इथे तुम्ही एकमेकींना छानच म्हणता, त्याचा मला उपयोग नाही."

फ्रेंच मॅनिक्युअर म्हणजे नखावर नखाचाच फिका गुलाबी रंग लावायचा आणि टोकाला पांढरी किनार ओढायची. म्हणजे जे देवाने फुकट दिलंय तेच पुन्हा रंगवायचं. छोटीने त्यात आपलं डोकं चालवलं. अंगठ्याची पांढरी किनार तिने विरघळत विरघळत अर्ध्या नखापर्यंत आणली. तर्जनीची तिरकी केली. मधल्या बोटाचं पांढरं टोकाला न ठेवता मुळाशी चंद्रकोरीसारखं काढलं. अनामिकेच्या किनारीवर बारीक तपकिरी ठिपके दिले. करंगळीला मात्र तिने जीव ओतला. टोकाला धुक्यासारखी निळी झाक, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळू नये अशी. जेलचा पक्का रंग दिव्याखाली वाळवला, आणि रात्री घरी येऊन स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाईटखाली, काच तडकलेल्या फोनवर फोटो काढला.

पार्लरमध्ये कामाच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम होता. दुपारी डबा खाताना छोटीने तो काढला, तर ग्रुपवर शंभराच्या आसपास मेसेज. तिला वाटलं, कोणाचं तरी बारसं ठरलं. उघडून पाहिलं तर सगळे तिच्याच नावाने.

सुरुवात मोठ्या जाऊबाईंनी केली होती. "अगं बाई! हे कधीपासून? आणि आम्हाला आत्ता सांगतेस?"

त्यांच्या खाली कंपाउंडरकाका. हे तिचे चुलत सासरे. औषधाच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य काढल्यामुळे घरात त्यांना डॉक्टरच्या वरचा मान होता, कारण डॉक्टर फी घेतात. काकांनी एकेक बोट घेऊन निकाल दिला होता. "अंगठा: रक्त कमी. मधलं बोट: कॅल्शियम. ठिपके: बुरशी. करंगळीबद्दल इथे लिहीत नाही. उद्या मॅडमना दाखवताय ते उत्तम. मॅडम एम.डी. आहेत का?"

छोटीने कपाळाला हात लावला. दाखवणं म्हणजे डॉक्टरलाच दाखवणं, असा या घरचा अर्थ. तिने घाईघाईने उत्तर लिहिलं, "अहो, काही झालेलं नाही. हे माझं काम आहे."

"तेच म्हणतेय मी!" जाऊबाई उसळल्या. "कामामुळेच झालंय. ती केमिकल्स! सोडून दे ती नोकरी."

"तसं नाही हो. हे मीच केलंय. मुद्दाम."

 मग काकांनी लिहिलं, "स्वतःला दोष देऊ नये. पेशंटने मन प्रसन्न ठेवावं." आणि त्याखाली एकामागून एक हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तेवढ्यात मॅडमनी टबाकडे बोट दाखवलं. फोन ड्रॉवरमध्ये गेला आणि छोटी पुन्हा कोणाच्या तरी टाचेशी जाऊन बसली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दार उघडायला नवरा उभा होता. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि रोज तिच्यानंतर तासाभराने उगवतो. आज तो वेळेआधी हजर होता आणि त्याच्या कमरेला टॉवेल खोचलेला होता.

"पर्स दे इकडे. तू बस."

"अहो, ऐका तर..."

"बोलू नकोस. काका म्हणाले, बोलण्याने शीण होतो."

त्याने तिला खुर्चीत बसवलं. पाठ टेकवून. मागे उशी दिली. आतून कुकरची शिट्टी झाली तसा तो दचकला आणि आत पळाला. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"आई, हा रंग आहे. रंग. मी लावलाय."

सासूबाईंनी अंगठ्याने करंगळी घासली. मग पदराला पाणी लावून घासली. मग रॉकेल लावून पाहू म्हणाल्या, पण घरात रॉकेल नव्हतं. जेलचा रंग तो, पार्लरमधल्या औषधात भिजवल्याशिवाय तो काय निघणार? आणि निघाला असता तरी उद्या मॅडमना काय दाखवायचं, डोंबल?

"रंग असता तर गेला असता की गं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यापासून कशाला लपवतेस?"

छोटी तोंड उघडणार, इतक्यात नवऱ्याने तिच्या हातात चहा दिला. गरम. छोटीला शेवटचा गरम चहा कधी प्यायला होता ते आठवेना. ती रोज सगळ्यांना चहा देते आणि आपल्या कपापर्यंत पोचते तोवर त्यावर साय धरलेली असते. तिने एक घोट घेतला. समजावून सांगायचं होतं, खूप सांगायचं होतं, पण ते सगळं वाक्य उचलून उभं करण्याएवढा जीव अंगात उरला नव्हता. ती म्हणाली, "साखर थोडी कमी आहे," आणि डोळे मिटून घेतले.

"आई, तूही उठू नकोस. तू हिच्याजवळ बस," नवरा आतून ओरडला. "भांडी मी घासतो."

भात खालून लागला होता आणि वरून कच्चा होता. छोटीने तो बसल्या जागी खाल्ला आणि तिला तो पक्वान्नासारखा लागला. झोपताना तिला मनापासून लाज वाटली. ती लाज पुरती वाटायच्या आत तिला झोप लागली.

सकाळी ती निघाली तर सासूबाई चप्पल घालून दारात तयार.

"आई, मी कामावर चाललेय. मॅडम म्हणजे पार्लरच्या मॅडम."

"कुठल्या का असेनात. मी येणार. तू एकटीने ऐकून घ्यायचं नाहीस."

सासूबाईंनी पार्लर कधी पाहिलं नव्हतं. त्यातून मॅडमनी गेल्या वर्षी जुनी पाटी काढून 'हेअर, स्किन अँड नेल क्लिनिक' अशी नवी लावली होती. सासूबाईंनी 'क्लिनिक' तेवढं वाचलं आणि छोटीकडे असं पाहिलं की आता बोल. आत बाकावर तीन-चार बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. एकीच्या तोंडाला पांढरा लेप होता.

"डोक्याच्याच केसेस जास्त दिसतात," सासूबाई हळहळल्या. "आणि ही बिचारी बघ, भाजलीय की काय."

मॅडम आल्या. पांढरा कोट, चष्मा, हातात भिंग. छोटीने हात पुढे केला आणि सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाई मध्ये आल्या.

"मॅडम, काय असेल ते स्पष्ट सांगा. माझं मन घट्ट आहे."

मॅडमनी दिवा ओढला. एकेक नख भिंगाखाली फिरवलं. करंगळीशी बराच वेळ थांबल्या.  त्या खुर्चीचा फैसला होत होता.

"घरच्यांचं काय म्हणणं पडलं?" मॅडमनी विचारलं.

"घर हवालदिल झालंय हो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाच्या घशाखाली घास उतरला नाही. आमचे दीर म्हणाले अंगठ्यात रक्त नाही, मधल्या बोटात कॅल्शियम नाही. करंगळीचं तर त्यांनी ग्रुपवर लिहिलंच नाही, मला फोनवर सांगितलं. हृदय!"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "हा रंग आहे असं कोणालाच वाटलं नाही?"

"ही म्हणाली रंग आहे. मी घासून पाहिलं ना! पाण्याने घासलं. असा कुठे रंग असतो? हे आपोआप आलंय, आतून."

"आतून," मॅडम पुटपुटल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्या कोपऱ्यातल्या केसवालीकडे वळल्या. "ऐकलंस? तुझ्या घरचे म्हणाले, किती छान रंगवलंय. म्हणजे रंगवलंय हे दिसलं. हिच्या सासूने घासूनसुद्धा हिची कला उतरली नाही." आणि छोटीला म्हणाल्या, "आजपासून तू टेबलावर."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आजच? अहो, तिने सकाळी चहा घेतलाय. ऑपरेशनला पोट रिकामं लागतं ना?"

यानंतर बाकावरच्या टॉवेलवाल्या इतक्या हसल्या की लेपवालीचा लेप गालावर तडकला. मॅडमनी सासूबाईंना बसवलं, पाणी दिलं, रंगाच्या बाटल्या दाखवल्या, एका नकली नखावर चंद्रकोर काढून दाखवली. सासूबाईंनी एक बाटली नाकाशी नेऊन हुंगली आणि चष्मा कपाळावर सारला. छोटीला वाटलं, आता घरी गेल्यावर आपली धडगत नाही. पण खुर्ची मिळाली होती. ती जाऊन खुर्चीत बसली, पाठ टेकली, आणि मग मात्र तिला रडूच आलं. आनंदाचं की थकव्याचं, तिलाही सांगता आलं नसतं.

मॅडम दुसरीकडे वळल्या तशा सासूबाई उठल्या आणि टेबलापलीकडच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"म्हणजे तुला काहीच झालेलं नाही."

"नाही, आई. मी कालपासून सांगतेय..."

"हळू बोल." सासूबाईंनी मागे पाहिलं. "आज सकाळी त्याने केर काढला. पाहिलंस?"

"पाहिलं."

"लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही. पन्नाशीला आला, केरसुणी कुठे असते ते त्याने आज मला विचारलं. मी सांगितलं आणि बसून राहिले. किती वर्षांनी बसले गं मी!" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "घरी लगेच काही बोलू नकोस. मॅडमनी औषध दिलंय म्हण. बरं व्हायला वेळ लागेल म्हण."

"आई! अहो, किती दिवस?"

"ते बघू पुढे. पण तू आता इथे मजेत बसणार, दिवसभर. घरी पेशंट तू, आणि पेशंटजवळ बसायला मी. तू बरी झालीस की माझंही बसणं संपलं. एकीच्या जिवावर दोघींनी किती दिवस काढायचे?" सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. "घरात एकाला झालं की दुसऱ्याला होतंच. घे."

छोटी त्या हाताकडे बघत राहिली. भांड्यांच्या राखेने, साबणाने, विळीने खरवडलेली बोटं. तिने दिवा जवळ ओढला आणि फिक्या गुलाबीची बाटली उघडली.

"कुठलं करू?"

सासूबाईंनी थोडा विचार केला.

"अंगठ्यापासून धर. आज नुसतं रक्त कमी कर," त्या म्हणाल्या. "निळं इतक्यात नको. उधळ्यासारखं एकदम सगळं काढायचं नाही, जरा पुरवून वापरू."