जावयाच्या अंगावर पांढरे ठिपके

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे मी म्हणत नाही, सातपूरची आमची अख्खी कंपनी म्हणते! मी इन्स्पेक्शनला आहे. बेअरिंगवर केसाएवढा ओरखडा असला तरी माल परत. सुपरवायझर हात जोडतो, मॅनेजर डोळे वटारतो, मी ढिम्म. तर अशा माणसाला एका तळहाताएवढ्या माशाचा आजार ओळखता येऊ नये? मग भिंग बंद करून भजी तळावीत!

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोनच्या हिवाळ्यात, मी घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली होती. आमच्या कॉलनीत गोड्या पाण्याच्या टाक्या दर दोन घरांआड होत्या. त्यात तेच ते केशरी मासे आणि तोच तो तोंड उघडणारा प्लास्टिकचा बेडूक. माझ्याकडे मात्र अस्सल समुद्र! मीठ मुंबईहून, दगड मुंबईहून, आणि मासाही मुंबईहून, मांडीवर पिशवी घेऊन एसटीनं आणलेला. रंग असा निळा, की नव्या पैठणीनं मान खाली घालावी. पाठीवर पिवळी किनार. कसाऱ्याचा घाट चढताना मी कंडक्टरला म्हटलं होतं, "जरा हळू घ्यायला सांगा, पेशंट आहे." त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पुढचा सगळा प्रवास माझ्याशी बोलला नाही.

एके दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसलो आणि माझा कप तिथेच थबकला. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके! रव्याचे दाणे चिकटावेत तसे.

"ललिता!" मी ओरडलो. "व्हाइट स्पॉट!"

"कुठे? शर्टावर?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माशावर! परजीवी जंतू असतात. कातडीत घुसतात. बघ, खातही नाहीये. कोपऱ्यात तोंड करून बसलाय. सगळी लक्षणं जुळताहेत!"

ललिता आली, वाकली, बघितलं. "मला तर तो बरा दिसतोय."

"तुला दिसणार नाही. त्याला नजर लागते."

"नजरच लागली असेल मग," ती म्हणाली आणि परत गेली.

मी लगेच मुंबईला फोन लावला. ज्यांच्या दुकानातून मासा घेतला ते परेरा माणूस मोठे शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठिपके रोज सेम जागेवर असतात काय? एकदा पंप बंद करून बघा."

"मिस्टर परेरा," मी म्हणालो, "मी इन्स्पेक्शनला आहे. मला बघायला शिकवू नका. तुम्ही फक्त तांब्याचं औषध पाठवा."

"औषध देतो हो. पण पेशंटला त्याच टाकीत देऊ नका. वेगळा ठेवा. आणि आधी..."

पुढचं मी ऐकलं नाही. वेगळा ठेवा, एवढं पुरे होतं! बाथरूममधला मोठा निळा टब धुतला, त्यात मोजून मीठ कालवलं, हवेची नळी सोडली, माशाला जाळीत धरून आत सोडला. उडी मारू नये म्हणून टबावर पाट ठेवला. घराला आता बाथरूम नव्हतं, आयसीयू होतं!

हे सगळं सोफ्यावर बसून शांतपणे बघत होते ते माझे सासरे, पुंजाराममामा. सटाण्याला त्यांचा कांद्याचा व्यापार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला झालं म्हणून महिनाभर आमच्याकडे मुक्काम. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, असं बजावलेलं. त्यामुळे मामांना दिवसभरात दोनच कामं. सकाळी सटाण्याला फोन करून माझ्या मेहुण्याला, हिरामणला, कांद्याचा भाव विचारणं, आणि बाकी वेळ माझ्या टाकीसमोर बसणं. मामांचा फोनवरचा आवाज असा, की तार नसती तरी सटाण्याला ऐकू गेला असता.

मी कंपनीत जायला निघालो तेव्हा मामांचा तो रोजचा फोन चालू होता. मी बूट घालत होतो, माझं लक्ष नव्हतं. नंतर कळलं, की कांद्याचा भाव विचारून झाल्यावर मामांनी त्यांच्या अहिराणीत घरची खबर दिली होती ती अशी:

"हिरामण, जवाईनी तब्येत बिघडेल शे! आंगवर धवळा ठिपका उनात. काही खास नई. बाथरूमम्हा येगळा ठेयेल शे!"

म्हणजे जावई आजारी, अंगावर पांढरे ठिपके, काही खात नाही, बाथरूममध्ये वेगळा ठेवलाय! आणि मग लाईन कट झाली.

आता घरात मामांचा जावई एकच. म्हणजे मी!

मी मात्र कंपनीत मजेत बेअरिंग तपासत होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणार एवढ्यात सुपरवायझर आला आणि दारातच लांब उभा राहिला. नाकावर रुमाल.

"दिनेशराव, तुम्ही घरी जा."

"का? काय झालं?"

"सटाण्याहून तुमच्या मेहुण्यांचा फोन आला होता. तुमच्या अंगावर आलंय म्हणाले. इथे पोराबाळांची माणसं काम करतात हो! काय ते उतरल्यावर या."

"अहो, काय आलंय अंगावर?"

"ते तुम्ही बघा. आम्ही बघणार नाही." आणि मी परत द्यायला पुढे केलेलं मोजमापाचं गेजही त्यानं हातात घेतलं नाही. "टेबलावरच ठेवा," म्हणाला.

मी घरी आलो तर दारात जीप उभी. बोनेट अजून गरम. चौकटीला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले, जसं काही घरात लग्न आहे आणि आंब्याचं झाड मिळालं नाही! आत पाऊल टाकतो तोच सासूबाई, नवसाबाई, पदर डोळ्यांना लावून समोर आल्या. मागे हिरामण.

"जवाईबापू! बाथरूम सोडून तुम्ही बाहेर कसा? आडवा पडा, आडवा!"

"मामी, मला काही झालेलं नाही!"

"ताप डोक्याम्हा गया," मामी हिरामणला म्हणाल्या. हिरामणनं मला खांद्याला धरून पलंगावर पाडलं. दिवसाला कांद्याची पन्नास पोती उचलणारा माणूस तो, माझं काय चालणार! माझ्या शर्टाची वरची दोन बटणं उघडून त्यानं आत पाहिलं.

"आई, काहीच दिसत नई."

"आतून निघतीस मंग कांजिण्या," मामी म्हणाल्या. "त्या वाईट."

"ललिता कुठेय?" मी विचारलं.

ललिता शाळेत. ती शिकवते, संध्याकाळी येते. म्हणजे मला सोडवणारं कोणी नव्हतं. मामा बाहेर गॅलरीत सावलीला पेंगत होते, त्यांना कोणी उठवलं नव्हतं. स्वयंपाकघरात मामींनी सगळं ताब्यात घेतलेलं: घरात फोडणी नाही, तेल नाही, मिरची नाही. माझ्यासमोर बिनमिठाचा भात आला. त्याच्याकडे पाहून खरंच आजारी पडावंसं वाटलं!

"भात खा, मंग आंघोळ करा," मामी म्हणाल्या. "मी टबाम्हा लिंबाना पाला टाकेल शे. चांगला मूठभर चुरीसन टाकेल शे."

माझ्या हातातला घास गळून पडला.

"कुठल्या टबात?"

"तोच. निळा. पाटानं झाकेल व्हता, तो जरासा सरकाईसन पाला टाका. पानी तयारच व्हतं."

मी पलंगावरून असा उडालो की हिरामणच्या हातात माझा एक सॉक्स राहिला. बाथरूममध्ये जाऊन पाट बाजूला केला. पाणी हिरवं. पानं तरंगताहेत. आणि मध्ये माझा निळा मासा एका कुशीवर कललेला, कल्ले भराभर हलताहेत.

विनोद जरा बाजूला ठेवतो. एवढासा जीव, समुद्रातून दुकानात, दुकानातून एसटीत, एसटीतून टबात, आणि आता लिंबाच्या काढ्यात! मी भांडं घेऊन त्याला उचललं आणि दिवाणखान्यात पळत जाऊन थेट मोठ्या टाकीत सोडला.

"हे काय करताय?" हिरामण म्हणाला. "त्यात आंघोळ करणार?"

"हाच पेशंट आहे!" मी ओरडलो. "मासा आजारी आहे! मी नाही!"

"मंग बाबा म्हनले जवाई..."

आवाजानं मामा जागे होऊन आत आले. एकवार आपल्या बायकोकडे, एकवार पोराकडे, एकवार माझ्या एका सॉक्सकडे पाहिलं, आणि टाकीकडे बोट केलं.

"हाऊ नई वं! तो जवाई! पानीम्हाना!"

मी विचारलं, "मामा, माशाचं नाव जावई? का बरं?"

मामा जरा ओशाळले. पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. "त्याचं काय," ते माझ्यासाठी शुद्ध मराठीत आले, "तो पण आयतं खातो. आणि जरा काही झालं की कोपऱ्यात तोंड करून बसतो."

हिरामण खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

आम्ही सगळे टाकीसमोर बसलो. मासा तळाशी दगडाला टेकून पडला होता. मामींनी हात जोडले. "वाचू दे रे देवा. मना हातनं पाप व्हयनं." मी त्यांना म्हटलं, "तुमची काय चूक, मामी." आणि तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन! पंप बंद पडला. टाकीतली घरघर थांबली. खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात पाणी काचेसारखं स्वच्छ झालं.

मासा हळूच सरळ झाला. एक गिरकी घेतली. आणि मी डोळे चोळले. अंगावर एकही ठिपका नव्हता!

"बरा व्हयना!" मामी म्हणाल्या. "लिंबाना गुण!"

"असं होत नाही मामी, जंतू असे..."

लाईट आली. पंप घुरघुरला. पाण्यात बारीक बुडबुड्यांचा धूर पसरला. आणि माशाच्या अंगावर ठिपके हजर! रव्याच्या दाण्यांसारखे. काही ठिपके तर माझ्या डोळ्यांदेखत सुटून वर जाऊन फुटले.

समुद्रासारख्या लाटा याव्यात म्हणून गेल्या रविवारी मीच पंप वर सरकवला होता. तो पाण्याबरोबर हवा ओढत होता. माझा जीवघेणा रोग म्हणजे सोडावॉटर होतं!

मी पंप चार बोटं खाली सरकवला. आजार संपला.

"पण मग तो खात का नव्हता?" मी शेवटचा आधार धरावा तसं विचारलं.

"पोट भरेल व्हतं," मामा म्हणाले. "तुम्ही कंपनीत गेले का मी त्याले पालक चारस. लय आवडीनं खातो."

संध्याकाळी ललिता आली तेव्हा घरात फोडणीचा खमंग वास सुटला होता आणि सासूबाई माशाची मिठा-मिरच्यांनी दृष्ट काढत होत्या. तिनं काहीच विचारलं नाही. माझ्याशी लग्न झाल्यापासून तिनं बरंच काही विचारणं सोडलंय.

महिना संपला, मामा सटाण्याला गेले. आणि मासा खरोखरच खायचा थांबला! पालक दिला, ढुंकून पाहिलं नाही. या वेळी मी रोगाचं नाव घेतलं नाही. मुकाट्यानं मामांना फोन लावला. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ऑपरेशननंतर मी काळा चष्मा लावून बसायचो. तो चष्मा ओळखत असंल."

मी बाजारातून तसाच चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला, पालकाचं पान धरलं. मासा सरळ हाताशी आला आणि पान ओरबाडू लागला!

तेव्हापासून रोज कंपनीतून आलो की मी काळा चष्मा लावून टाकीसमोर बसतो. मला त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. परवा शेजारच्या छायाताई विरजण मागायला आल्या. मला पाहून दबक्या आवाजात ललिताला म्हणाल्या, "अगं बाई! साहेबांचे डोळे आलेत का?"

"नाही," ललिता म्हणाली. "जावई जेवतोय."