पहिल्या ओळीचे अप्पा

सकाळी सात वाजता कंपाउंडच्या भिंतीवरून एक डोकं वर येतं आणि म्हणतं, "सर, आजच्यानंतर तुमी तुमच्या पाण्याच्या टाकीकडं पहिल्यासारखं बघू शकणार न्हाय."

मी ब्लडप्रेशरचा माणूस. सकाळची गोळीसुद्धा अजून पोटात गेलेली नसते. तोंडात ब्रश तसाच ठेवून मी जिना चढायला लागतो आणि प्रत्येक पायरीवर टाकीत एक नवीन प्राणी पडतो. उंदीर, पाल, मांजर. एकदा तर माकडापर्यंत मजल गेली होती. वर जाऊन बघतो तर टाकीचं झाकण वीतभर सरकलेलं. एवढंच. खाली येतो तर डोकं तिथंच, आणि मोठ्या समाधानानं विचारतं, "अंगठा थांबला का?"

हे आमचे शेजारी वसंतअप्पा. परंड्याच्या एस.टी. स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. आता रिटायर झालेत आणि गावातल्या लोकांना मोबाइलवरच्या व्हिडिओंची पहिली ओळ लिहून देतात. फक्त पहिली. दुसऱ्या ओळीशी आपला संबंध नाही असं ते बजावून सांगतात. मोबदला म्हणून एक कप चहा, तोही साखर कमी.

हा अंगठा म्हणजे मोबाइल सरकवणारा अंगठा. अप्पांच्या मते हल्ली सगळी माणुसकी त्या अंगठ्यात जमा झाली आहे. "माणसाकडं तीन सेकंद असत्यात, सर. तीन सेकंदात अंगठा थांबला तर थांबला, न्हाय तर तुमी मेलाव. आन् मेल्याचं बी कुणाला कळत न्हाय."

या वेडाचं मूळ स्टँडवरच असावं. तीस वर्षं त्यांनी माईकवरून सांगितलं की कुर्डुवाडी गाडी दोन नंबरला लागली आहे, आणि तीस वर्षं लोक खिडकीशी येऊन विचारत राहिले, "सायेब, कुर्डवाडी गाडी कुठं लागली?" एकदा त्यांनी वैतागून माईकवर नुसतंच म्हटलं, "ज्यांना कुर्डुवाडीला जायचं हाय, त्यांचं आज काही खरं न्हाय." सगळा स्टँड गप्प झाला. बायकांनी पिशव्या छातीशी धरल्या. मग अप्पांनी शांतपणे सांगितलं की गाडी दोन नंबरला आहे आणि गर्दी फार आहे. त्यांना वर बोलावून समज देण्यात आली. पण त्या दिवशी खिडकीशी एकही माणूस आला नव्हता, हे सांगताना अप्पांचा चेहरा अजून उजळतो.

त्यांच्याकडे एक शंभर पानी वही आहे. त्यात ओळींचे तीन भाग केलेत: घाबरवणाऱ्या, लाजवणाऱ्या आणि कळ काढणाऱ्या. बोकड विकणाऱ्या एकाला त्यांनी ओळ दिली, 'हा बोकड घेऊ नका.' मालक अंगावर धावून आला. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकं येऊन का घ्यायचा नाही असं विचारून गेली आणि चौथ्यानं घेतला. दातांच्या एका डॉक्टरांना दिली, 'तुमच्या तोंडात काय चाललंय, हे तुमच्या बायकोला माहीत आहे का?' यावरून दोन घरांत भांडणं झाली म्हणे. डॉक्टरांनी ती ओळ काढून टाकली आणि साधा फोन नंबर लावला.

आमच्याकडच्या सत्यनारायणाचं निमंत्रण मी भिडेखातर त्यांना लिहू दिलं. 'शुक्रवारी संध्याकाळी सरांच्या घरात जे घडणार आहे, त्याची शेजाऱ्यांनाही कल्पना नाही.' खाली पूजेची वेळ होती, पण खालपर्यंत वाचतो कोण? मुरुमहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, ताईला फोन द्या आधी." ताईचा आवाज ऐकल्याशिवाय तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता.

माझी बायको सुनीता तशी खंबीर. पण तिलाही अप्पांनी सोडलं नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "वैनी, ह्या पोह्यात एक गोष्ट अशी हाय, जी तुमाला घरातलं कुणीच सांगणार न्हाय." तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "लिंबू कमी हाय," अप्पा म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण एक काम त्यांनी असं केलं की त्याचा विचार आला तरी आजही माझे तळहात ओले होतात.

माझे वडील, तात्या, वय एकोणऐंशी. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला आहे. आधी चष्मा, मग माणसं, मग जेवलो की नाही ते. मी कॉलेजात शिकवतो, सुनीता जिल्हा परिषदेच्या शाळेवर. दुपारी तात्या घरी एकटे. म्हणून एक किल्ली अप्पांकडे दिलेली असे, अधूनमधून डोकावायला. तर अप्पांनी काय करावं? दिवाळीच्या आधी एका कापड दुकानासाठी त्यांनी तात्यांना नवा फेटा बांधला, फोटो काढला आणि वर लिहिलं, 'हरवले आहेत. कुणाला दिसल्यास त्वरित कळवा.' चार ओळी खाली गेल्यावर कळायचं की हरवले आहेत ते जुने भाव, आणि ते या दुकानात सापडतील. अख्ख्या तालुक्यानं आधी हळहळून तो फोटो पुढे पाठवला आणि मग शिव्या घातल्या. तात्या खूश होते. दुकानानं त्यांना धोतरजोडी दिली होती. मी मात्र अप्पांशी आठ दिवस बोललो नाही. अप्पा भिंतीपलीकडून विचारत राहिले, "पण अंगठा थांबला का न्हाय?"

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. बाजाराचा दिवस होता. मी वर्गावर असताना अप्पांचा फोन आला. मी कापला. परत आला. परत कापला. अप्पांचा फोन म्हणजे टाकी, नाही तर लिंबू. मग मेसेज आला, 'सर, तुमच्या घरात आत्ता'. एवढाच. मी मनात म्हटलं, ही कळ काढणारी दिसते, आणि फळा पुसायला वळलो. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा पोरं हसायला लागली म्हणून उचलला.

"सर, तात्या घरात न्हायत."

मागेपुढे काही नव्हतं. अंगठ्याचं तर नावच नव्हतं. मला खडू कुठं ठेवला ते आठवत नाही.

घरी आलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. दार सताड उघडं. चप्पल नव्हती, काठी होती. परंड्याच्या किल्ल्याच्या बाजूला पाहिलं, देवळात पाहिलं, बाजारात प्रत्येक पांढऱ्या टोपीला पुढून जाऊन पाहिलं. स्टँडवर एक भेळवाला म्हणाला की म्हातारे तीनच्या सुमाराला एका गाडीत चढले. कुठल्या? बाजाराची गर्दी, चार गाड्या लागलेल्या, त्यानं पाटी बघितली नव्हती. अप्पांनी ओळखीच्या सगळ्या स्टँडवर फोन लावले. बार्शी, करमाळा, कुर्डुवाडी, भूम. सगळीकडून एकच उत्तर, बघतो.

माझ्या डोळ्यांसमोर तात्या कुठल्या तरी अनोळखी फाट्यावर उतरत होते. तहान लागली तरी पाणी मागायचं त्यांना सुचत नाही. मी त्यांचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला आणि वर लिहिलं, 'हरवले आहेत. कुणाला दिसल्यास त्वरित कळवा.'

दोन मिनिटांत उत्तरं आली. हसणारी तोंडं. एकानं लिहिलं, 'सर, या खेपेला किती टक्के सूट?' दुसऱ्यानं, 'तात्या परत हरवले वाटतं.' माझ्याच वर्गातल्या एका माजी विद्यार्थ्यानं टाळ्या पाठवल्या. मी खरंच, खरंच असं लिहीत होतो, आणि ते जितकं लिहावं तितके लोक जास्त हसत होते.

मी अप्पांवर ओरडलो. जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो इतका. "तुमच्या ओळींनी माझा बाप खाल्ला, अप्पा." सुनीता तेवढ्यात शाळेतून धावत आली होती. तिनं माझा हात धरला, पण मला थांबता येत नव्हतं.

अप्पा ओट्यावर बसले, वही उघडली. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. साडेचार वाजले, पावणेपाच झाले. माणूस पेनात जीव ओततो म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं, आणि त्यातून काही निघत नव्हतं. घाबरवणारी ओळ आता कुणाला घाबरवणार नव्हती. शेवटी त्यांनी वही मिटली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"धरा, सर. म्या बोलतो."

अप्पांनी आजवर स्वतःचं तोंड व्हिडिओत कधी दाखवलं नव्हतं. पुढचे दोन दात नाहीत, म्हणून लाजायचे. मी बटण दाबलं.

"ह्यात इकायला काही न्हाय," अप्पा म्हणाले. "म्या वसंतअप्पा. परंडा स्टँडचा रिटायर कंट्रोलर. मागं ह्याच माणसाचा फोटू लावून म्या तुमाला फशिवलं. ती चूक माझी. आज ते खरंच गेलेत.

"अंगात निळा सदरा हाय. नाव इचारलं तर सांगायचे न्हायत. भूक लागली का म्हणलं तर न्हाय म्हणतील. इचारू नका, ताट म्होरं ठेवा, खातील. चहा डाव्या हातात द्या, उजवा थरथरतोय. तात्या म्हणून हाक मारली तर दुपारचे वळत न्हायत. बाळू म्हणा. बाळूला ओ देत्यात."

तात्यांना लहानपणी कुणी बाळू म्हणत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"म्या रोज दोनला त्येंच्याकडं जातो," अप्पा पुढे म्हणाले. "सर कॉलेजात, वैनी शाळेत. माझी मालकीण नातवाला सांभाळायला पुण्याला गेली, तीन वर्सं झाली. तात्या आन् मी बसतो. म्या स्टँडवरचं काय काय सांगतो. आज एका बोकडापायी बाजारात थांबलो. येळेवर गेलो न्हाय. त्येंनी वाट बघितली असंल. तर बाबांनो, कुणाला दिसले तर नुसतं धरून ठेवू नका. शेजारी बसा. काय बी बोला." वरचं बटण परत चाचपून ते म्हणाले, "लई चांगलं ऐकत्यात."

व्हिडिओ अडीच मिनिटांचा झाला होता. अप्पांच्या हिशेबानं पन्नास वेळा मेलेला. मी तो तसाच पाठवला. मग आम्ही तिघं ओट्यावर बसलो आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्या पाऊण तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही.

सहाच्या सुमाराला फोन आला. कुर्डुवाडीहून, स्टँडवरच्या एका चहावाल्या बाईचा. "व्हिडिओ पुरा बघितला, दादा. आमच्या हितं एक आजोबा दीड तास चौकशीच्या खिडकीम्होरं उभेत. म्या बाळू म्हणलं, तर ओ म्हणाले." मग म्हणाली, "खिडकीतल्या सायबाला सारखं इचारत हुते, आमचा अप्पा आज ड्युटीवर न्हाय का?"

मी हे मोठ्यानं अप्पांना सांगितलं. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

गल्लीतल्या एकाला जीप काढायला लावून आम्ही दोघं निघालो. सुनीता घरी थांबली, न जाणो दुसरा कुणाचा फोन आला तर. रस्त्यात मी एकदा म्हटलं, "अप्पा, मघाशी फार बोललो." त्यांनी नुसती मान हलवली आणि खिडकीची काच वर केली, परत खाली केली.

तात्या बाकावर बसले होते. त्या बाईनं डाव्या हातात चहाचा कप दिला होता आणि ती शेजारी बसून आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. मी धावत जाऊन तात्यांचे पाय धरले. त्यांनी पाहुण्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. ते लागलं मला. खोटं कशाला बोलू, फार लागलं.

मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. अप्पा चार पावलं दूर उभे होते. पुढे यायचं धाडस होत नव्हतं त्यांना. तात्यांनी कप खाली ठेवला, अंग चोरून बाकावर जागा केली आणि तिथं हात थोपटून म्हणाले,

"या. मग पुढं काय झालं?"

अप्पा बसले. ज्या माणसानं सगळा जन्म लोकांना पहिल्या ओळीपाशी थांबवायची खटपट केली, त्याला पुढचं विचारणारं जगात हे एकच माणूस होतं, आणि तेही कालचं काही लक्षात नसलेलं. तात्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्यांना कसलीच घाई नव्हती. मग अप्पांनी बाहीनं डोळे पुसले आणि हळूहळू सांगायला सुरुवात केली.

जीपवाल्यानं लांबून हॉर्न दिला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसलो.