पहिली सायकल, संदर्भासहित

तांबूळदऱ्याची लोकसंख्या दोन हजार एकशे. त्या गावाचं ऑनलाइन ज्ञानकोशातलं पान वाचणारी माणसं मात्र दोनच, आणि ते लिहिणारीही तीच दोन. एक यशया पाटोळे सर, हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरे मच्छिंद्र दरंदले, सोनईत लग्नपत्रिकांची प्रेस चालवणारे. दोघंही हे काम फुकट करत होते. फुकटच्या कामात माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने त्या पानातल्या बदलांची यादी उघडावी.

भांडण एका वाक्याचं होतं. गावात पहिली सायकल कोणी आणली? सरांच्या मते त्यांचे आजोबा सायमन यांनी. मच्छिंद्रच्या मते त्याचे आजोबा आसाराम यांनी. सर सकाळी चहाबरोबर आसाराम खोडून सायमन लिहीत. मच्छिंद्र दुपारी जेवण झालं की सायमन खोडून आसाराम लिही. पाण्याची टाकी, शाळा, दूध डेअरी यांबद्दल त्या पानावर एक अक्षर नव्हतं, कारण त्यात कुणाचेच आजोबा नव्हते.

ज्ञानकोशात लेखन तटस्थ असावं असा नियम आहे. सर हा नियम काटेकोर पाळत. त्यांची तटस्थता अशी की, 'पहिली सायकल सायमन पाटोळे यांनी आणली' हे साधं सरळ लिहायचं आणि पुढे 'ती आसाराम दरंदले यांनी आणली असेही काहींचे म्हणणे आहे' असं जोडायचं. ते 'काही' म्हणजे मच्छिंद्र एकटा, हे मच्छिंद्रला बरोबर कळायचं.

मग पुराव्यांची पाळी आली. मच्छिंद्रने स्वतःच्याच प्रेसवर आपल्या घराण्याचा बारा पानी इतिहास छापला आणि त्याचाच संदर्भ दिला. सरांनी तो 'स्वयंप्रकाशित' म्हणून उडवला. सरांनी आपल्या आत्याचं म्हणणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पुढे केलं. मच्छिंद्रने त्यावर 'संदर्भ हवा' असा शेरा मारला. म्हणजे नव्वद वर्षांच्या म्हातारीलाच संदर्भ हवा झाला. चर्चेत आपलं संख्याबळ कमी पडतंय असं वाटून सरांनी नागापूरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या चुलतभावाला, जेम्सला, खातं उघडून दिलं. जेम्स सगळ्या चर्चांत 'सहमत' एवढंच लिही, एकदा तर मच्छिंद्रच्याच मुद्द्याखाली लिहून बसला.

शेवटी जामखेडच्या निकिता नावाच्या, ज्ञानकोशाच्या जुन्या संपादिकेने दोघांना तंबी दिली. तिसऱ्याच कुणी लिहिलेला छापील मजकूर आणा, तो म्हणेल ते वाक्य राहील, तोवर पानाला हात लावू नका. दोघांनी कबूल केलं.

सरांना तर हर्षच झाला. गावच्या चर्चला सव्वाशे वर्षं होत होती, त्याची स्मरणिका निघणार होती आणि तिचे संपादक तेच होते. त्यांनी ताबडतोब संपादकपदाचा राजीनामा दिला, तो ज्ञानकोशावर जाहीर केला, आणि घरात येऊन बायकोला, रूथबाईंना, जुन्या आठवणींवर लेख लिहायला बसवलं. सासूच्या हाताखाली पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. तिला पाटोळ्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती.

"सायकलीचं तेवढं आठवणीनं लिही," सर म्हणाले. "काय लिहायचं ते मी सांगणार नाही आणि छापून येईपर्यंत वाचणारही नाही. नाहीतर म्हणतील, नवऱ्याचा हात लागला."

"खरं हाय ते लिहू ना?" रूथबाईंनी विचारलं.

"खरंच लिही," सर म्हणाले. जे खरं ते आपलंच असणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

पुढचे अकरा दिवस सरांनी न वाचलेली स्मरणिका किती विश्वसनीय आहे यावर चर्चापान भरून काढलं. लेखिका लग्न होऊन पाटोळ्यांच्या घरात आलेली, म्हणून तिला त्या घराण्याकडे बाहेरून बघता येतं, असाही एक मुद्दा त्यांनी मांडला. मच्छिंद्र कडाडून विरोध करत होता. बाराव्या दिवशी त्याने लिहिलं, 'सर म्हणतात ते पटलं. स्मरणिका ग्राह्य धरावी.' सरांना आपल्या युक्तिवादाचा अभिमान वाटला. स्मरणिका छपाईला कुणाच्या प्रेसवर गेली आहे, एवढं विचारायचं त्यांना सुचलं नाही.

प्रकाशन झालं त्या रविवारी सरांनी उपासनेनंतर चर्चच्या पायरीवरच लेख उघडला. रूथबाईंनी लिहिलं होतं, गावात पहिली सायकल आणली ती मिशनच्या प्रचारिका एलिझाबेथबाईंनी. वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायला मिशनने त्यांना ती दिली होती. सायमन पाटोळे त्यांच्याकडे ती शिकायला जात, पण त्यांना ती शेवटपर्यंत आली नाही.

घरी येईपर्यंत ते वाक्य पानावर चढलंही होतं. मच्छिंद्रने पान क्रमांकासह संदर्भ दिला होता. आपला आजोबा गेला याचं त्याला दुःख नव्हतं, सरांचाही गेला एवढ्यावर तो खूष होता. निकिताने खाली आभार मानले होते.

सर स्वयंपाकघरात गेले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अगं, पाटोळ्यांचं नाव घालवलंस. शुद्धिपत्र काढू. तू फक्त लिहून दे की आठवणीत चूक झाली."

रूथबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

"चूक न्हाई झाली. उलट मी लई राखून लिहिलंय. सासूबाई सांगायच्या, आजोबांना सायकल येत न्हवती म्हणून एलिझाबेथबाईच त्यांना मागं बसवून उपासनेला आणायच्या. वर्षभर. कुणी वळखू नये म्हणून आजोबा तोंडावर उपरणं घेऊन बसायचे. आता शुद्धिपत्र लिहायचंच म्हनता तर सगळंच लिहिते."

सरांनी हातातली स्मरणिका मिटून फडताळावर ठेवली. मग म्हणाले, "राहू दे. लेख चांगला झालाय."

दुपारी नागापूरहून जेम्सचा फोन आला. तो तापला होता. "दादा, आजोबांची अब्रू चव्हाट्यावर आली. मी ते वाक्य काढून टाकलं, तुमी काळजी करू नका."

सरांनी फोन ठेवला, चष्मा लावला आणि चार मिनिटांत ते वाक्य जसंच्या तसं परत बसवलं. खाली लिहिलं, 'लेखिका जाणकार आहेत. याबाबत त्यांना अधिक काही विचारू नये.'