तेल्हाऱ्याचा समुद्र

मेलेल्या जनावराला "हालू नोको, राजा!" म्हणून दरडावणारा माणूस मी एकच पाहिला. माझा भागीदार, तेल्हाऱ्याचा पुंजाजी.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मी डोक्यावर गाठोडी वाहून दलाल झालेला माणूस. मालाच्या भावासाठी बापाशीही भांडेन. गाड्यांबरोबर मुंबईला जायचे काम पुंजाजीचे. तिथे त्याने एका साहेबाकडून काचेवर छबी उतरवायची पेटी घेतली आणि कामातून गेला. औषधाने बोटे काळी, अंगाला दारूसारखा वास. ओहोटी लागली की हा किनाऱ्यावर. काचेसारख्या आरपार छत्र्या, दोरे लोंबणारे निळे फुगे, लाटेने टाकलेले कसलेही मेलेले जनावर, सगळ्यांच्या छब्या. माणसांच्या छब्या काढ म्हटले, तर म्हणे, "मानसं लय हालतात."

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटे दाबतात. दाबली तितका भाव, सौदा पक्का. एक दिवस मुंबईचा शेठ आमचा माल घ्यायला किनाऱ्यावर आला. पुंजाजीचे डोके पेटीच्या काळ्या कपड्याखाली. शेठला वाटले, वऱ्हाडी सौद्यालाच बसलाय! त्याने कपड्याखाली हात सारला. पुंजाजीने "जरा थांबा" म्हणून त्याची दोनच बोटे दाबली.

झाले! हंगामभराचा माल मातीमोल गेला.

"डोक्यात मेंदू हाय का सरकी?" मी अमरावतीच्या भर बाजारात ओरडलो.

"लाट येऊन राहिली होती, भाऊ. त्या जनावराले नेलं असतं."

"अन् माहा माल नेला त्याचं काय?"

तो काचा उचलून घरी निघून गेला. मग मी भागीदारी मोडायला तडक तेल्हारा गाठले. शिव्या वाटेतच जुळवून ठेवल्या होत्या.

ओसरीत बाजेवर त्याची बायको. बाळंतपणात तिचे पाय गेले, हे मला ठाऊकच नव्हते. पुंजाजी एकेक काच काळ्या घोंगडीवर धरून तिला दाखवत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"पाहा ना, भाऊजी," ती हसत म्हणाली. "याले एकबी पाय नाही, त्यालेबी नाही. तरी सारा समुद्र फिरतात म्हने!"

पुंजाजी माझ्याकडे बघेना.

"अवंदा गाड्या कधी निघतात?" तिने विचारले. "यायले मुंबईले धाडसान ना?"

"दिवाळी झाली की," मी खेकसलो.