आपा डबे उघडतात

आमच्या बालवाडीतल्या शमीम आपा एकट्या असल्या तरी गप्प नसतात. सकाळी कुलूप काढतानाही चालूच. "आता किल्ली फिरवते. हां, आता दार ढकलते. आता झाडू घेते." पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणीतरी आहे. आत नुसत्या सतरंज्या होत्या.

मी शिकवते, आपा मदतनीस. पण मुलांच्या आया टरकून असतात त्या आपांना. मधल्या सुट्टीत आपा एकेक डबा उघडतात आणि निकाल देतात. "बिस्किट? हा अकराला पेंगणार." आणि तो पेंगतो. द्वारका चौकाकडून येणाऱ्या एका आईने बिस्किटं खाली दडवून वर उकडलेलं अंडं ठेवून पाहिलं. आपांनी तिला फाटकातच गाठलं. "अंडं बेस्ट हाय बेटा. आता त्याच्या खालचं बंद कर." दुसऱ्या दिवसापासून ती मुलाला आजोबांबरोबर पाठवू लागली.

माझी इरा याच वर्गात. अडीच वर्षांची. तिच्या डब्याला आपांनी कधी नाव ठेवलं नाही. नाचणीचं धिरडं, मुगाची उसळ, अंडं, खजूर. बदाम तर मी सोलून भरवायचे. पण इरा जेमतेम चार शब्द बोलायची. "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात, हिचा बाबाही तसाच," असं सासूबाई म्हणायच्या, आणि मी ते धरून बसले होते. डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली, दोनदा रद्द केली. मला भीती वाटत होती. तपासलंच नाही तर काही निघणारही नाही, अशी माझी वेडी समजूत.

परवा आपांनी मागून येऊन अचानक थाळी वाजवली. सगळी मुलं दचकून वळली. इरा ठोकळे रचत राहिली. आपांनी परत वाजवली, आणखी जवळून. इराने शांतपणे पाचवा ठोकळा ठेवला.

आपांनी मला दाराशी नेलं.

"माझा सलीम मालेगावला लूमच्या खोलीत, कापडाच्या मागांजवळ वाढला," त्या म्हणाल्या. "त्या खडखडाटात कुणालाच काय ऐकू येत नाय. आम्ही सगळे हातानेच बोलायचो. तो पण हातानेच बोलायचा. मग मला कसं कळणार? शाळेत मास्तर म्हणाले, डोक्याने कमी हाय. घरचे म्हणाले, पोराला दूध कमी पडलं. मी दूध घातलं, अंडी घातली, कलेजी घातली. सात वर्षं नुसतं खाऊ घातलं. डोकं चांगलंच होतं बेटा. कान नव्हते."

आता सलीम तीस वर्षांचा आहे. आईचे ओठ बघून त्याला समजतं. म्हणून आपांचे ओठ कधी थांबत नाहीत.

मी त्याच दुपारी वेळ घेतली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले तर आपा आधीच बाकावर बसलेल्या. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

इराचं नाव पुकारलं. मी तिला उचलून घेतलं. आपा उठल्या नाहीत.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते. हे एकदा ऐकलंय मी. परत ऐकवणार नाय मला."