तीन डब्यांचा एक संसार

हेड ऑफिसवाले साहेब, शेंद्र्याच्या ऑफिसात जो घोळ झाला तो तुम्ही केलाय. वायरीनं नाही, विजेनं नाही, तुम्ही. "तिन्ही मजल्यांचे स्विच जोडून एकच यंत्रणा करावी आणि त्यातला एक मास्टर नेमावा," इथवर ठीक होतं. पण "मास्टर सर्वांच्या सहमतीने ठरवावा" हे शेपूट लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आमच्याकडं सहमतीनं चहातली साखर ठरत नाही.

आणि निस्तरायला कोण? नौशीन. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली नेटवर्कवाली पोरगी. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी.

पंप बनवणारी ही कंपनी एका खोलीतून तीन मजल्यांवर गेली. माणसं वाढली की एक स्विच आणून ठेवायचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी जिथं येऊन जुळतात तो चपटा डबा, आणि मागं वळून बघायचं नाही, अशी इथली रीत. तळमजल्यावरच्या हिशेब खात्याचा डबा सगळ्यात जुना. वरच्या विक्री खात्याचा कोरा करकरीत. खरेदी खात्याचा मधला, खरेदी खात्यासारखाच. नौशीनचा बेत साधा होता. तिघांना जिन्याखालच्या खोलीत एका रॅकमध्ये बसवायचं, जाड केबलनं एकमेकांना बांधायचं आणि नव्याला मास्टर, म्हणजे तिघांचा कारभारी, करायचं. मग तिघांचा मिळून एकच मोठा डबा. उद्या चौथा आला तरी त्याच घरात नांदेल.

हे ऐकून हिशेब खात्याचे श्रीनिवासकाका खुर्चीतून उठलेच. एरवी ते साहेब आले तरी उठत नाहीत.

"नव्याला मास्टर? आमच्या डब्यानं ही कंपनी उभी केली, पोरी! दसऱ्याला झेंडू वाहतो मी त्याला."

"काका, त्या झेंडूनंच त्याचा पंखा अडकला होता."

"अडकला. पण बंद पडला का? नाय ना?"

तेवढ्यात विक्रीच्या प्रमुख हिमानी मॅडम खाली उतरल्या. "आमचा डबा आजोबांच्या हुकमात राहणार नाही हं. आमच्याकडं गिऱ्हाईक असतं. तुमच्याकडं नुसती व्हाउचरं."

"आणि त्या गिऱ्हाइकाची बिलं काय आभाळातून पडतात?"

खरेदी खात्यानं दोघांकडं बघून मान डोलावली.

नौशीन औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात वाढलेली. एकाच थानावर दोन गिऱ्हाइकं कशी खूश करायची, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. ती काकांना म्हणाली, "रॅकमध्ये सगळ्यात वर तुमचाच डबा बसवते." काका उजळले. वर बसतो तोच मोठा, हा त्यांचा उभ्या नोकरीचा अनुभव. आणि लॅपटॉपवर तिनं गुपचूप नव्याचा नंबर पहिला लावला. झाली सहमती!

पण सकाळी काका नारळ, उदबत्ती घेऊन हजर. "मुहूर्त आहे. पहिलं बटण थोरल्याचं, माझ्या हातानं. आरती होईस्तोवर बाकीच्यांना हात लावायचा नाय."

"काका, तिन्ही एकदम चालू करायला लागतात."

"तिन्ही भावांना एकदम बोहल्यावर चढवतात व्हय?"

काकांनी बटण दाबलं, नारळ फुटला, आरती सुरू झाली आणि काकांना सगळी कडवी पाठ. आता या डब्यांचा कायदा असा, की जो आधी जागा होतो आणि आजूबाजूला कुणी दिसत नाही, तो मास्टर होऊन बसतो. मागून कितीही लायक येवो, त्याला कुणी उठवत नाही. हा कायदा कुठल्या ऑफिसातून उचलला, कुणास ठाऊक.

आरती संपून धाकटे जागे झाले, तर आजोबा गादीवर. बरं, नुसते बसले नाहीत. आपल्या पोटातलं जुनंपुराणं सॉफ्टवेअर त्यांनी दोघांच्याही गळी उतरवलं. कोरा करकरीत डबा बघता बघता म्हातारा झाला. वर हिमानी मॅडमचं कोटेशन गोल गोल फिरत राहिलं. हिशेब खातं मात्र समाधानी, त्यांना वेग रोजच्यासारखाच वाटत होता.

"नौशीन, काय करून ठेवलंस हे?"

"मी नाही मॅडम, मुहूर्तानं केलं."

दुपारी हेड ऑफिसची व्हिडिओवर पाहणी. नौशीन काकांसमोर जाऊन बसली. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काका, तिन्ही बंद करून नव्यानं चालू करते. तुमचा डबा वरच राहील. फक्त कारभार खालचा बघेल."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे मान वरच्याला आन राबणार खालचा?"

"हां काका."

"अगं, मग हे तर हेड ऑफिससारखंच झालं! आधी सांगायचं ना. कर."

तिनं केलं. पाहणी झाली, आणि त्यानंतर एक वायर अडली नाही. जिन्यातून एक हाक आली नाही. हिमानी मॅडम तर नौशीनला पाहून एकदा म्हणाल्या, "तू कुठल्या खात्यात असतेस गं?"

मग साहेब, तुमचा मेल आला. 'नेटवर्कबाबत एकही तक्रार नाही. सबब या पदाची आवश्यकता दिसून येत नाही.'

नौशीन गुपचूप पिशवी भरायला लागली. काकांनी मेल वाचला आणि कपाळावर हात मारला. "पोरी, लई नीट काम केलंस, तिथंच चुकलीस. मी रोज एक तरी बिल अडकवून ठेवतो. उगीच टिकलो का?"

"काका, ऐसा काम मेरेसे नहीं होता."

"तुला कोण सांगतंय? तू बस. चहा घे."

काका जिन्याखाली गेले. थोरल्या डब्यापुढं हात जोडले आणि रॅकच्या विजेचा मेन खटकन पाडला. पूर्वी एकेक मजला बंद पडायचा. आता यंत्रणा एक झालेली, तिन्ही मजले एका दमात मुके. जिन्यातून एकच कल्ला झाला, "नौशीऽऽन!" आणि लगोलग तुमचाच फोन. ऑर्डरी दिसत नाहीत, तुमची ती मुलगी कुठंय, तिला आत्ताच्या आत्ता बघायला सांगा.

फोन काकांनी घेतला. "ती व्हय? आवश्यकता नाय म्हणून निघाली की घरी. बसमध्ये बसलीबी असंल."

नौशीन समोरच चहात बिस्किट बुडवत होती.

काकांनी फोन ठेवलेला नाही, साहेब, आणि मेनच्या बटणापाशी दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाहीत. एका शब्दात सांगा, पोरगी कायम, का नाय?